बुधवार-शनिवारची अंघोळ: एका वृद्ध सेवा केंद्राच्या व्यवस्थापकांना खुलं पत्र

मा. व्यवस्थापक साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

तुमच्या केंद्राचं नाव या पत्रात कुठेही लिहिणार नाहीये. घाबरून म्हणा हवं तर. आई अजून तुमच्याकडेच आहे आणि रात्री दीड वाजता तिची कूस बदलायची की नाही हे तुमच्या माणसांच्या हातात आहे, ज्यांचं कुणी अशा ठिकाणी आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुम्हाला मात्र दुसऱ्या ओळीतच कळलं असेल पत्र कुणाला आहे ते. आणि पुण्यात धायरीपासून वाघोलीपर्यंत बंगले भाड्याने घेऊन अशी जी केंद्रं निघालीयेत त्यातल्या बऱ्याच जणांना वाटेल की हे आपल्यालाच लिहिलंय. वाटू दे.

कारण सांगते. मागच्या महिन्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा मेसेज आला. वर गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ, खाली चार नियम. अंघोळ आठवड्यातून दोनदा, बुधवार आणि शनिवार. डायपर दिवसाला दोन, जास्त लागले तर पैसे वेगळे. घरून तेल, साबण, क्रीम आणू नये, सगळ्यांना केंद्राचंच वापरलं जाईल. आणि चौथा, स्वच्छतेच्या दृष्टीने सर्व आजींचे केस बारीक ठेवले जातील. मेसेजखाली अकरा जणांनी हात जोडलेले टाकले. त्यातले एक हात माझे. सवयच लागलीये हो, तुमचा मेसेज आला की आधी हात जोडायचे मग वाचायचं. पुढच्या रविवारी आले, आईला बघितलं, आणि तेव्हापासून ते हात परत घ्यायचेत म्हणून हे पत्र.

आई ८५ वर्षांची. डावी बाजू अर्धांगाने गेलेली, त्याला सहा वर्षं झाली. शुगर पंचवीस वर्षांची जुनी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू. त्या सहातली चार वर्षं आम्ही घरीच केलं तिचं, घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावश्या ठेवून. मग माझे दोन्ही गुडघे बदलले, मिस्टरांची बायपास झाली, भाऊ न्यू जर्सीला, तो पैसे पाठवतो आणि रविवारी व्हिडिओ कॉल करतो, त्याच्यावर राग नाही माझा, तिथून कूस थोडीच बदलता येते. शेवटी तुमच्याकडे आणलं. महिन्याला ३२ हजार, डायपर-औषधं-डॉक्टर वेगळे. जाहिरातीत तुम्ही लिहिलं होतं 'घरच्यासारखी काळजी'. आमच्या घरात कशी काळजी असते ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून थोडं सांगते.

नारायण पेठेतल्या वाड्यात नऊ बिऱ्हाडांना मिळून एक न्हाणीघर होतं. आई पहाटे साडेचारला उठून बंब पेटवायची, पाचनंतर नंबर लागायचा नाही. अंघोळ झाल्याशिवाय तिने चहाचं आधण ठेवलेलं मी तरी कधी बघितलं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तिचं लग्न नुकतं झालेलं. पाण्यासोबत घरातलं होतं नव्हतं सगळं गेलं आणि नंतर कित्येक दिवस नळाला पाणी नाही. तेव्हा कुणाच्या तरी विहिरीवरून एक बादली आणून, दोन काठ्यांना साडीचा आडोसा करून अंग पुसून घ्यायची असं ती स्वतःच सांगते. आता तिला बोलायला त्रास होतो, शब्द अर्धे येतात. पण रविवारी मी गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "झाली का?" म्हणजे आपली अंघोळ झाली का, हे ती मलाच विचारते, कारण तिला आठवत नसतं. आणि मी आजवर हो म्हणत आलेय.

आता तुमच्या नियमांकडे येते. पहिला नियम वाचून तुम्हाला वाटेल मी म्हणणार रोज अंघोळ पाहिजे. नाही म्हणणार. दोन वर्षांपूर्वी आईच्या पायाला इतकी खाज सुटली की चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे, तेव्हा स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर रोज कढत पाण्याने घालता का अंघोळ. मी अभिमानाने हो म्हटलं. ते म्हणाले मग तेच बंद करा. म्हातारपणी कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींचं काम कमी होतं, कातडी पातळ होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, वरून आपण कढत पाणी आणि साबण लावून उरलंसुरलं तेल पण धुवून टाकतो. कातडी मुळात किंचित आंबट असते, तिचा सामू, म्हणजे pH, पाचच्या आसपास, आणि आपला नेहमीचा वडीचा साबण नऊ-दहाचा. तो आंबटपणा म्हणजे जंतूंपासूनचं एक कुंपण असतं, रोज साबण फासून आपण ते कुंपण पाडत बसतो. त्यांनी सांगितलं पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत, साबण फक्त लागेल तिथे आणि तोही सौम्य, आणि अंग ओलसर असतानाच तेल नाहीतर मॉइश्चरायझर. आमच्याकडे त्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, त्याने अजूनच कोरडं पडतं. मी चार वर्षं आईला प्रेमाने सोलत होते असं म्हटलं तरी चालेल.

म्हणजे बुधवार-शनिवारला माझी हरकत नाही. हरकत आहे ती रविवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवारला. या पाच दिवसांबद्दल तुमच्या मेसेजमध्ये एक अक्षर नाहीये. अंघोळ रोज नको असली तरी काही जागा रोज धुवायलाच लागतात, तोंड, मान, काखा, छातीखालची घडी, जांघा, शी-शूची जागा, पायाच्या बोटांच्या बेचक्या. तुमच्याकडे हे कोण करतं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या "वाइप्सने पुसतात ना." कुठून कुठे पुसतात? बाईमाणसाला पुढून मागे पुसायचं असतं, उलटं पुसलं तर शीचे जंतू लघवीच्या जागी जातात आणि इन्फेक्शन होतं. आईला वर्षात तीनदा युरिन इन्फेक्शन झालं आणि तिन्ही वेळा मला सांगितलं गेलं, "पाणी कमी पितात आजी."

आणि बुधवारची अंघोळ पण बघितली मी. मुद्दाम न सांगता आले होते. सात जणी खुर्च्यांवर ओळीने बसवलेल्या, पाठीवर एकेक टॉवेल, दार उघडं, पॅसेजमधून सिलिंडरवाला गेला तरी उघडंच. एक हँडशॉवर, एक प्लास्टिकच्या जाळीची घासणी, तीच पहिलीपासून सातवीपर्यंत. बादलीत जंतुनाशकाचं झाकण भरभरून ओतलेलं, वास दारापर्यंत. पाणी इतकं गरम की वाफ येत होती. आईच्या पायाला शुगरमुळे समजतच नाही गरम-गार, ती ओरडणार पण नाही, भाजलं तर दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळेल. सात जणींचं पाऊण तासात उरकलं. मावशी घामाने निथळत होती, तिच्याकडे बघून मला काही बोलवेना.

आता घरी आमच्याकडे जी मावशी होती, वेल्ह्याकडची, शाळा चौथीपर्यंत, तिचं सांगते. ती आधी पंखा बंद करायची, खिडकी लावायची. मग सगळं सामान हाताशी, दोन टब, दोन फडकी, एक वरच्या अंगाचं एक खालच्या, त्यांची अदलाबदल चालायची नाही. हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायची, कारण एकदा तिच्या बांगडीने आईच्या हाताची साल निघाली होती आणि गोळीमुळे रक्त अर्धा तास थांबलं नव्हतं, त्या दिवशी ती माझ्यापेक्षा जास्त रडली. पाण्यात कोपर बुडवून बघायची. मग अंगावर चादर तशीच ठेवून फक्त एक हात बाहेर काढायचा, "आजी, डावा हात घेते हां," असं सांगून, अर्धांगाच्या बाजूला पण सांगायची, जणू तो हात ऐकतोय. पुसायचं ते फडकं घट्ट पिळून. वाळवायचं ते आईच्याच जुन्या धुवट सुती साडीच्या तुकड्याने, टिपून, घासायचं नाही. तो हात चादरीत गेला की मग दुसरा. शेवटी हातावर खोबरेल घेऊन, चोळून कोमट करून लावायची, पण बोटांच्या बेचक्यांत तेल नाही, तिथे कोरडंच. पंचवीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात आईचा एक इंच पण उगाच उघडा पडायचा नाही. हे तिला कुणी कोर्स करून शिकवलं नव्हतं, पण शिकवता येतं, मी शिकले तिच्याकडून, तर तुमच्या मुली का शिकणार नाहीत. त्यांना वेळ देणार का एवढाच प्रश्न आहे.

दुसरा नियम, दिवसाला दोन डायपर. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. दोन म्हणजे बारा-बारा तास. लघवी कातडीवर राहिली की त्यातला अमोनिया तो आंबटपणा घालवतो, कातडी भिजून पांढरी, मऊ पडते, पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी. त्यात शी झाली तर शीमधले पाचक रस त्याच कातडीला खायला लागतात. तिथून पुढे नुसतं सरकवलं तरी साल निघते. जाहिरातीत बारा तास चालतो म्हणतात तो डायपर चालतो, गळत नाही एवढाच त्याचा अर्थ. माणसाची कातडी बारा तास चालत नाही. शी झाली की लगेच, लघवीचा ओला झाला की बदलायचा आणि दर वेळी पुसून, कोरडं करून झिंक ऑक्साइडचं क्रीम नाहीतर साधं व्हॅसलिन पातळ लावायचं, एवढंच तर असतं.

तर त्या रविवारी मी आईला कुशीवर घेतलं. माकडहाडावर एक लाल चट्टा, दहा रुपयाच्या नाण्याएवढा. मी बोटाने दाबून धरलं आणि सोडलं. साधी लाली असेल तर दाबलं की पांढरं पडतं आणि मग परत लाल होतं. हे पांढरं पडलंच नाही. परत दाबलं. लालच. बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमेची, ही पहिली पायरी, कातडी अजून फाटलेली नसते, इथे थांबवलं तर थांबतं, पुढे गेलं तर हाडापर्यंत जातं आणि महिनोन् महिने ड्रेसिंग. मी सिस्टरना बोलावलं. त्या स्पिरिट आणि पावडर घेऊन आल्या आणि चोळायला लागल्या. मी हात धरला. पूर्वी हॉस्पिटलात सगळीकडे असंच करायचे, माझ्या सासऱ्यांना पण केलेलं आठवतंय, पण आता तसं करायचं नसतं हो, स्पिरिट कातडी अजून कोरडी करतं आणि लाल झालेल्या जागी चोळलं तर आतल्या आधीच दबलेल्या रक्तवाहिन्या अजून फाटतात. पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात आणि घडीत जाऊन बसतात. उगाच शहाणपणा करत नाहीये मी, माझी पण चूक सांगते, मी स्वतः दोन वर्षं आईला मधे भोक असलेल्या रबरी रिंगवर बसवत होते, मेडिकलवाल्याने दिली म्हणून. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्या रिंगने भोकाच्या कडेला उलट जास्त दाब येतो. माळ्यावर टाकली ती.

मग मी कूस बदलायचा चार्ट मागितला. दर दोन तासांनी डावी, उताणी, उजवी, शेजारी सही. छान छापलेला चार्ट आहे तुमचा, लोगो वगैरे. वेळ होती दुपारी चारची. आणि चार्टवर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. मी घड्याळ बघितलं, परत चार्ट बघितला, मला हसूच आलं आधी. फोटो आहे माझ्याकडे. इथे टाकत नाहीये, त्यात त्या मुलीची सही आहे आणि मला तिची नोकरी घालवायची नाही.

कारण त्या मुलीला मी विचारलं. रात्री किती जणी असता? म्हणाली "मी एकटीच." पेशंट किती? चौदा. त्यातले नऊ जागचे हलू न शकणारे. नऊ जणांना दर दोन तासांनी, प्रत्येकी नुसती दहा मिनिटं धरली तरी दीड तास झाला, म्हणजे राहिलेल्या अर्ध्या तासात तिने डायपर बदलायचे, बेल वाजली तर पळायचं, बाथरूमला जायचं, आणि परत पहिल्यापासून सुरू. सकाळी आठला आलेली मुलगी होती ती, चोवीस तासांच्या ड्युटीवर. ती सह्या आधी करणार नाही तर काय करेल?

एअर बेडचे आम्ही वेगळे पैसे भरतो. त्या गादीतल्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणून एकाच जागी दाब राहत नाही. त्यासाठी पंप चालू लागतो. आईचा पंप बंद होता कारण त्या प्लगला मोबाइल चार्जिंगला लावला होता. गादी थंडगार, सपाट. चालू असली तरी कूस बदलायला लागतेच, पण निदान चालू तरी.

तिसरा नियम, घरून काही आणायचं नाही, सगळ्यांना एकच. कारण तुम्ही दिलंय 'सामानाचा गोंधळ होतो.' होत असेल. पण एकच घासणी, एकच टॉवेल, एकच क्रीमची डबी, त्यात सगळ्यांची बोटं, याचा काय गोंधळ होतो ते गेल्या पावसाळ्यात बघितलंय की आपण. तीन नंबरच्या खोलीतल्या आजी रात्रभर खाजवायच्या. तुमचे लोक म्हणायचे म्हातारपणाची खाज, कोरडेपणा. मग आईला सुरू झालं, मनगटाजवळ आणि बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, रात्री जास्त. ती खरूज होती. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे कळेपर्यंत तो अख्ख्या मजल्यावर फिरून आलेला असतो. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलंय, आणि दुर्लक्षित म्हणजे काय ते तुमच्याकडे बघितलं. सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावायला लागतं, खाज असो नसो, मावश्यांना, सिस्टरना, येणाऱ्या-जाणाऱ्या आम्हालासुद्धा, रात्रभर अंगावर ठेवायचं आणि आठवड्याने परत, कपडे-चादरी गरम पाण्यातून काढायच्या. तुम्ही फक्त ज्यांना खाज होती त्यांना लावलं. महिन्याभरात परत. एका मावशीच्या दोन्ही पोरांना झाली, तिच्या औषधाचे पैसे कुणी दिले?

त्याआधी तर महिनाभर तुमच्याकडची ती 'खाजेची ट्यूब' चालू होती, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, एकच ट्यूब सगळ्यांना. असल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकत्र कोंबलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून सगळे खूश, आणि आत ते वाढतच असतं, वरून कातडी अजून पातळ होते. आईच्या छातीखालच्या घडीत बुरशी होती ती याच ट्यूबने हाताएवढी पसरली. तिथे खरं तर आधी घडी उचलून कोरडी करायची, मऊ सुती कापडाची घडी मधे ठेवायची, आणि डॉक्टरांनी दिलेलं नुसतं बुरशीचं औषध. दहा रुपयाच्या जागी हजाराचं काम करून ठेवलं.

चौथा. केस.

आईचे केस पांढरे, विरळ, पण कमरेच्या वर चार बोटं. घरी मावशी खोबरेल लावून बारीकशी वेणी घालायची. तुमच्याकडे पण मी रविवारी येऊन घालायचे. त्या रविवारी आले तर मुलाचे असतात तसे कापलेले. कानामागे मशीन लागल्याचा ओरखडा. आई उजव्या हाताने मानेमागे काहीतरी शोधत होती, हात जायचा, तिथे काही नसायचं, परत यायचा. मी बसून राहिले.

तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. आईच्या आजीचे केस नवरा गेल्यावर उतरवले होते, ती आयुष्यभर आलवणात, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यात, राहिली. आईने लहानपणी ते डोकं बघितलंय, त्याला हात लावलाय. म्हणून तिच्या वडिलांनी हट्टाने तिला हिंगण्याच्या शाळेत घातलं, अण्णा कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला त्याच संस्थेची शाळा. केस हा तिच्यासाठी काय विषय आहे हे एक फोन करून विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. उवा झाल्या असतील तर औषध आहे, गुंता होत असेल तर मी येऊन सोडवते, आणि कापायचेच असतील तर आधी तिला विचारायचं. तिला कळतं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नसतं.

बाकीचं भराभर सांगते. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची असते, तोंडातली घाण फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. ड्रेसिंगची चिकटपट्टी ओढून काढू नका, तेलाचं बोट लावून हळू सोडवा. टाचा उशीच्या टोकाबाहेर अधांतरी राहतील अशा ठेवा, टाचेखाली उशी नको, पोटरीखाली. आणि आजींना ओढत वर सरकवू नका, दोघींनी चादरीसकट उचला, ओढलं की पाठीची साल गादीला राहते.

आता मागण्या. फार नाहीत आणि एकही फुकट मागत नाहीये.

अंघोळ दोनदाच ठेवा, पण रोजचं स्पंजिंग आणि खालची स्वच्छता लेखी नियमात आणा, पाणी कोमट, दार बंद, प्रत्येकीचं फडकं-टॉवेल वेगळं, नाव घातलेलं. डायपरची संख्या ठरवू नका, ओला झाला की बदला, जे लागतील त्याचे पैसे आम्ही आत्ताही देतोच. प्रत्येकीचं तेल-क्रीम वेगळ्या डब्यात राहू दे, डबे मी आणून देते, तुळशीबागेत डझनाने मिळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठलीही ट्यूब नको. खाज सुटली तर आठवड्याच्या आत स्किनच्या डॉक्टरांना बोलवा. केसांचा नियम तर आजच्या आज मागे घ्या. आठवड्यातून एकदा माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, कानांच्या मागे बघून नोंद करा आणि ती नोंद नातेवाइकांना मागितली की दाखवा, लाल दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, लपवू नका, आम्ही भांडायला येणार नाही.

आणि रात्री चौदा जणांना एक मावशी चालणार नाही. यावर तुम्ही म्हणाल माणसं मिळत नाहीत. मिळत नाहीत कारण चोवीस तासांच्या ड्युटीला तुम्ही काय देता ते त्या मुलीने मला सांगितलं, तो आकडा इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी ३२ चे ३५ करा. मी देईन, बाकीच्यांशी पण मी बोलते, पण ते तीन हजार त्या मुलींच्या पगारातच दिसले पाहिजेत, रिसेप्शनच्या नवीन सोफ्यात नकोत.

कायद्याचं पण बघून ठेवलंय. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्यात पोटगीचं बरंच आहे, पण खाजगी केंद्राने रात्री किती माणसं ठेवायची याचा आकडा नाही. २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात अशा केंद्रांची आणि घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोंची नोंदणी, किमान दर्जा वगैरे होतं. ते कायदा होऊ शकलं नाही. म्हणून तुम्ही मोकळे आहात आणि आम्ही हात जोडतोय. तरी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ चालू आहे, ग्रुपवरच्या इतर अकरा, सॉरी, दहा जणांनी नंबर लिहून ठेवावा.

पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वाट बघते. उत्तर ग्रुपवरच द्या, मला एकटीला फोन करून चहाला बोलावू नका. तोपर्यंत मी दर बुधवारी येणार आहे, अंघोळीच्या वेळेला, माझ्या टबासकट. तुमच्या मुलींना बघायचं असेल तर शेजारी उभ्या राहू देत.

आणि हो, आईच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख वाढून आत वळलंय, मागच्या रविवारी माझं राहिलं. कुणी घाईत कापू नका, शुगर आहे, जखम झाली तर भरत नाही. मी बुधवारी येऊन बघते आणि डॉक्टरांना दाखवू. तोवर मोजा घालू नका.

कळावे,
पाच नंबर खोलीतल्या, खिडकीकडच्या कॉटवरच्या आजींची मुलगी